टाइलला भोक पाडताना
घरातल्या वडीलधाऱ्यांचा वुजू करताना तोल जाऊ नये म्हणून नळाजवळ पकडायला दांडा बसवा. आधी टाइल ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. नळ आणि स्विचच्या सरळ वर-खालीही भोक नको; आत पाइप किंवा वायर असू शकते. खुणेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने सावकाश भोक पाडा. टाइल पार झाल्यावरच भिंतीचे बिट लावून हॅमर सुरू करा. प्लग मागच्या भिंतीत खोल बसला पाहिजे. नुसता टाइलमध्ये अडकला तर अंगाचा भार पडताच दांडा निखळतो. घर भाड्याचे असेल तर मालकाला आधी विचारा. ते आपल्याकडे अमानत आहे. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळही टाळा. त्यांचाही आपल्यावर हक्क आहे.