झेनो कोलो : बुटावरच्या नावाची शिक्षा



आपल्या नावावर आपला हक्क किती? घाम आपण गाळायचा, जीव आपण धोक्यात घालायचा, नाव आपण कमवायचे, आणि त्या नावाचे चार पैसे हाती आले की तो गुन्हा ठरायचा, असे कधी झाले आहे काय? झाले आहे. इटलीतल्या एका डोंगरी माणसाच्या बाबतीत झाले आहे. १९५२ साली त्याने आपल्या देशाला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले. दोन वर्षांनी, १९५४ साली, त्याने एका बुटाला आणि एका जाकिटाला आपले नाव वापरू दिले म्हणून त्याला स्पर्धेबाहेर काढण्यात आले. त्याचे नाव झेनो कोलो. आजच्या सदरात त्याची हकीकत सांगायची आहे.

बर्फावरची शर्यत

आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतली लादी नाहीतर मुलांच्या हातातला रंगीत गोळा. युरोपातल्या डोंगरांवर मात्र हिवाळ्यात माणूस बुडेल इतका बर्फ साचतो. तिथले लोक पायातल्या बुटांना दोन लांब पट्ट्या बांधतात, दोन्ही हातांत काठ्या घेतात आणि बर्फावरून घसरत जातात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. डोंगरातल्या माणसाला ती रोजच्या येण्याजाण्याची सोय होती. पुढे शहरातले पैसेवाले लोक हौसेने डोंगरावर येऊ लागले आणि त्याचा खेळ झाला.

या खेळात दोन मुख्य प्रकार आहेत. एकात बर्फात रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत उतरायचे. त्याला स्लॅलम म्हणतात. दुसरा प्रकार सरळ उताराचा, म्हणजे डाउनहिल. डोंगराच्या वरून निघायचे आणि जमेल तितक्या वेगाने खाली यायचे. एकेक जण वेगळा सोडला जातो आणि घड्याळ लावून वेळ मोजली जाते. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला. ही शर्यत दोन-अडीच मिनिटांत संपते. एवढ्या वेळात तोल गेला तर हाडे मोडतात, कधी प्राणही जातो. झेनो कोलो या डाउनहिलचा राजा होता.

आबेतोनेचा मुलगा

झेनोचा जन्म ३० जून १९२० चा. त्याचे गाव आबेतोने. हे गाव इटलीच्या तोस्काना प्रांतात, पिस्तोइया जिल्ह्यात, आपेनिन डोंगररांगेतल्या एका घाटावर सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. आबेतोने या शब्दाचा अर्थच मोठे देवदार जातीचे झाड. आजूबाजूला त्याच झाडांचे दाट जंगल. स्कीइंगचे नाव काढले की लोकांना आल्प्स पर्वत आठवतो. झेनो त्या आल्प्सचा नव्हे. एका आडवाटेच्या डोंगरातला, साध्या घरातला मुलगा. याच भागात, याच १९२० साली चेलिना सेगी नावाची मुलगीही जन्मली. तीही पुढे जगप्रसिद्ध स्कीपटू झाली आणि १०२ वर्षांचे आयुष्य जगून २०२२ साली वारली.

झेनो लहान वयातच शर्यतीत चमकू लागला. पण तो ऐन विशीत आला आणि युरोपात महायुद्ध पेटले. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. झेनो सैन्यात होता. पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये पोचला आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच स्थानबद्ध राहिला. खेळाडूच्या अंगात सर्वांत जास्त जोर असतो, ती वर्षे अशी गेली.

युद्ध संपले तेव्हा झेनो पंचवीस वर्षांचा होता. १९४७ साली चेर्विनिया इथल्या बर्फाच्या उतारावर त्याने ताशी सुमारे १५९ किलोमीटरचा वेग गाठला आणि जागतिक विक्रम केला. आपल्या मेल गाड्यासुद्धा बहुधा एवढ्या वेगाने धावत नाहीत, आणि इथे माणसाच्या पायाखाली लाकडाच्या दोन पट्ट्या होत्या. डोक्यावर शिरस्त्राणही नव्हते. हा विक्रम दहा वर्षांहून अधिक काळ टिकला.

हा वेग त्याने आणला कुठून? त्या काळी बहुतेक खेळाडू बऱ्यापैकी ताठ उभे राहून, हात पसरून तोल सांभाळत उतरत. झेनो गुडघ्यात वाकायचा, पाठ आडवी करायचा, हात अंगाशी घ्यायचा. अंडे जसे गोलसर असते तसे सारे शरीर आवळून घ्यायचा. त्यामुळे वारा कमी अडवायचा आणि वेग वाढायचा. आज डाउनहिलचा प्रत्येक खेळाडू याच पद्धतीने वाकून उतरतो. पुढे इतरांनी ही पद्धत घोटून पक्की केली, पण तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत झेनो आहे.

१९४८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याला पदक मिळाले नाही. १९५० साली अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या आस्पेन इथे जागतिक स्पर्धा झाल्या. तिथे त्याने डाउनहिल जिंकली, जायंट स्लॅलम जिंकली आणि स्लॅलममध्ये दुसरा आला. तीन शर्यती, दोन सुवर्ण, एक रौप्य. त्याच स्पर्धेत चेलिना सेगीनेही स्त्रियांच्या स्लॅलममध्ये कांस्यपदक घेतले. एका लहानशा डोंगरी मुलखाने एकाच स्पर्धेत जगाला दोन विजेते दाखवले.

मग आले १९५२ चे ओस्लो ऑलिंपिक. नॉर्वेतल्या नोरेफ्येल डोंगरावर १६ फेब्रुवारीला डाउनहिलची शर्यत झाली. झेनो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याने २ मिनिटे ३०.८ सेकंदांत डोंगर उतरला. दुसरा आलेला ऑस्ट्रियाचा ओथमार श्नायडर १.२ सेकंदांनी मागे राहिला. डोळ्याची पापणी मिटेपर्यंत निकाल फिरतो त्या खेळात हे अंतर मोठे समजतात. ऑलिंपिकच्या अल्पाइन स्कीइंगमधले इटलीचे ते पहिले सुवर्ण. उरलेल्या दोन्ही शर्यतींत तो चौथा आला. लोक त्याला 'ओस्लोचा ससाणा' म्हणू लागले. त्याच्यानंतर २०२२ च्या ऑलिंपिकपर्यंत सत्तर वर्षांत इटलीच्या एकाही पुरुषाला डाउनहिलचे सुवर्ण मिळवता आले नाही. यावरून त्या विजयाची किंमत समजावी.

हौशी कोण आणि मजूर कोण

अशा माणसाला १९५४ साली स्की संघटनेने बाद केले. कारण काय? स्कीच्या एका बुटाला आणि एका जाकिटाला त्याने आपले नाव दिले होते. त्यातून पैसा येतो, म्हणून तो 'व्यावसायिक' ठरला. ऑलिंपिक तर फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी होते!

बंधू-भगिनींनो, हा 'हौशी' शब्द ऐकायला गोड वाटतो. खेळावर निर्मळ प्रेम करणारा, पैशाकडे ढुंकूनही न बघणारा, असे चित्र डोळ्यांसमोर येते. पण या शब्दाची मुळे उकरून पाहिली पाहिजेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्ली इथे होड्यांच्या मोठ्या शर्यती होत. त्यांच्या चालकांनी १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली. तीत असे म्हटले होते की, जो माणूस यंत्रावर काम करणारा, कारागीर किंवा मजूर म्हणून मजुरीवर राबतो किंवा पूर्वी राबला आहे, तो हौशी नव्हे. नीट लक्षात घ्या. होडी वल्हवण्याचे पैसे घेतले म्हणून त्याला नकार नव्हता. हाताने काम करून पोट भरतो एवढ्याचसाठी नकार होता! १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांचा चमू समुद्र ओलांडून आला, तेव्हा त्यालाही याच नियमाने दारातून परत पाठवले. त्यावर फार ओरड झाली आणि मग ते कलम काढावे लागले.

ऑलिंपिकच्या नियमात मजूर हा शब्द नव्हता. पण हौशीपणाची कल्पना त्याच हवेत वाढलेली होती. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे, वडिलांचा कारखाना आहे, त्याने वर्षातले सहा महिने बर्फावर घालवले तरी त्याच्या चुलीला धक्का लागत नाही. तो कायम हौशी राहू शकतो. ज्याला खेळताखेळता घरही चालवायचे आहे त्याने काय करावे? १९३६ साली स्कीइंगच्या या शर्यती ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आल्या, तेव्हा स्की शिकवून पोट भरणाऱ्यांना व्यावसायिक ठरवून बाहेर ठेवले गेले. डोंगरातल्या गरीब मुलाला खेळातून मिळणारी सरळ नोकरी तीच होती. त्या निषेधार्थ ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे पुरुष स्कीपटू शर्यतीला गेलेच नाहीत.

नियम करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पैसा शिरला की खेळ बाजारात उभा राहील, निकाल विकले जातील, कंपन्या खेळाडूला नाचवतील, अशी त्यांना भीती होती. ती भीती अगदीच खोटी नव्हती. आज खेळाच्या बाजारात काय काय चालते ते आपण पाहतोच. पण त्या भीतीची शिक्षा कोणाला झाली? बूट विकणारा कारखानदार पैसे कमवत राहिला. बर्फावर हॉटेले बांधणारा कमवत राहिला. तिकिटे विकणारा कमवत राहिला. ज्याच्या कसबाच्या जोरावर हे सारे चालले होते, त्या एकट्यानेच निर्मळ राहावे असा आग्रह होता.

१९५६ चे हिवाळी ऑलिंपिक इटलीतच, कोर्तिना गावात भरले. आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर उतरण्याची संधी झेनोला नव्हती. तो तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. उतरला असता तर जिंकला असता की नाही, हा प्रश्न वेगळा. हरण्याचा हक्कसुद्धा त्याला मिळाला नाही, हे दुःख मोठे. त्या ऑलिंपिकमध्ये स्कीइंगच्या या शर्यतींत इटलीला एकही पदक मिळाले नाही.

उशिरा आलेला न्याय

झेनो आपल्या आबेतोनेला राहिला. त्याने मुलांना, पाहुण्यांना स्की शिकवले, डोंगरावर स्कीच्या वाटा आखल्या. आजही तिथल्या वाटांना त्याचे नाव आहे.

इकडे जग हळूहळू बदलत होते. १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज होते. हे शिकागोचे बांधकाम व्यवसायातले लक्षाधीश. हौशीपणाचे ते कट्टर रखवालदार. १९७२ साली जपानमधल्या साप्पोरोला ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्झ शर्यतीसाठी पोचला होता, त्याला त्यांनी ऐनवेळी बाहेर काढले. दोष तोच, कंपन्यांकडून पैसे घेतल्याचा. त्याच वर्षी ब्रंडेज पायउतार झाले. १९७४ मध्ये नियम सैल झाले. १९८६ मध्ये व्यावसायिकांना घ्यायचे की नाही हे त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर सोपवण्यात आले.

१९८८ साली कॅनडातल्या कॅलगरीला इटलीच्या अल्बर्टो तोंबाने दोन सुवर्णपदके जिंकली. हाही आल्प्सचा नव्हे, बोलोन्या शहराजवळचा, सधन कापड व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या नावावर कंपन्यांनी खूप पैसा ओतला आणि त्याबद्दल कोणी त्याला दोष दिला नाही. द्यायचे कारणही नव्हते. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, इटलीच्या स्की संघटनेने झेनो कोलोवरचा डाग पुसला. पस्तीस वर्षांनी! तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा झाला होता. सिगारेटने त्याचे फुप्फुस पोखरले होते. १२ मे १९९३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला. ज्या छातीने बर्फावरचा वारा कापला, ती धुराने हरवली. घरातल्या तरुणांना हेही सांगावे.

या हकीकतीतून आपण काय घ्यायचे? आपल्या घरांतही पळणारी, कुस्ती खेळणारी, कबड्डी खेळणारी मुले-मुली आहेत. त्यांना खेळाच्या जोरावर नोकरी मिळाली, बक्षिसाची रक्कम मिळाली, की कोणीतरी नाक मुरडतो, "हा पैशासाठी खेळतो." असे म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा. त्याच्या स्वतःच्या घरी महिन्याचा किराणा कशाने येतो? कसबाचा मोबदला मागण्यात लाज नाही. ज्याच्या कोठारात धान्य भरलेले आहे त्याला निर्मळपणा स्वस्त पडतो, आणि तोच निर्मळपणा तो दुसऱ्यावर लादतो.

म्हणून एखादा नियम कानाला फार पवित्र वाटला, तर घरात बसून एवढे तपासावे की तो कोणी केला आणि त्याने दार कोणासाठी बंद झाले. झेनो कोलोवरचा डाग पुसायला पस्तीस वर्षे लागली. आपल्या मुलांच्या वाट्याला अशी वाट पाहणे येऊ नये, एवढी काळजी आपण आईबापांनी घ्यावी.