गाडीचे इंजिन आणि कपाटातल्या पाटल्या



या पानावर आपण कैरीच्या लोणच्यापासून लोकरीचे कपडे धुण्यापर्यंत सगळे बोलत असतो. आजचा विषय पाहून मात्र काहीजणी नाक मुरडतील. आज बोलायचे आहे माल वाहणाऱ्या छोट्या गाडीच्या इंजिनाबद्दल. "हे पुरुषांचं काम, आपल्याला काय करायचंय?" असे म्हणून पान उलटू नका. टाटांची 'एस' ही गाडी २००५ साली बाजारात आली आणि लोकांनी आपल्या परीने तिचे बारसे करून तिला 'छोटा हत्ती' म्हटले. भाजी, पाण्याचे जार, मंडपाच्या खुर्च्या, बदली झालेल्यांचे घरसामान, सगळे हा हत्ती वाहतो. आपल्यापैकी कितीतरी जणींची चूल त्याच्याच जिवावर पेटते. तो आजारी पडला की निर्णय गॅरेजात होतो, आणि पैसे मात्र आपल्या कपाटातून निघतात. मग चार प्रश्न विचारण्याचा हक्क आपला नाही का?

माझी धाकटी जाऊ कराडला असते. आमचे भावजी कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला भाजी नेतात. मागच्या वर्षी गाडी धूर मारू लागली, चढाला ओढेनाशी झाली, आणि इंजिनातले तेल दर चार दिवसांनी कमी भरू लागले. गॅरेजवाल्याने सीट उचलून आत एक नजर टाकली आणि सांगितले, "इंजिन संपलं. एक जुनं इंजिन माझ्याकडे आहे, बसवून देतो. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर." त्याच संध्याकाळी जाऊबाईंचा मला फोन आला, "ताई, पाटल्या मोडू का हो?"

मी म्हटले, पाटल्या आहेत तिथे राहू देत. डॉक्टरने नाडीसुद्धा न बघता ऑपरेशन सांगितले तर आपण लगेच टेबलावर झोपतो का?

आता आधी हे इंजिन चालते कसे ते थोडक्यात बघू. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. मुलांच्या सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते ना, तोच प्रकार, फक्त कितीतरी पट मोठा. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. हा दाब निसटू नये म्हणून पिस्टनभोवती रिंगा असतात आणि वरचे झाकण, ज्याला 'हेड' म्हणतात, त्याच्या खाली गॅस्केट असते. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. इथे रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती झिजल्या की दाब खाली निसटतो, गाडी ओढत नाही, आणि खालचे तेल वर चढून जळू लागते. पहिल्या छोट्या हत्तीला तर सिलिंडर दोनच. एक आजारी पडला की अर्धे घर झोपले म्हणायचे.

धुराच्या रंगावरून बरेच कळते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि याचे कारण पुष्कळदा तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेले नोझल असते. त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही, बरं का! पांढरा धूर सकाळी थोडा वेळ येऊन थांबला तर घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही येतच राहिला आणि रेडिएटरमधले पाणीही घटू लागले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे असा संशय घ्यावा. तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहावी. तिच्यावरचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर तेलात पाणी मिसळले आहे आणि गॅस्केट किंवा हेड गेल्याचा संभव मोठा. गाडी तशीच पुढे हाकली तर बेअरिंगेही जातात. आतून जड खटखट येऊ लागली आणि तेलाचा लाल दिवा लागला, तर त्याच जागी इंजिन बंद करायचे. 'घरापर्यंत नेऊ' म्हणायचे नाही.

अजून एक साधी परीक्षा आहे. चालू इंजिनावर तेल भरायचे झाकण मिस्त्रीला सैल करायला सांगावे. (तुम्ही करू नका, गरम तेल उडते.) तिथून कढईतून निघावी तशी वाफ भकाभका येत असेल तर रिंगा गेल्या असे समजायला आधार मिळतो. पक्के कळते ते मात्र दाबमापकाने. नोझलच्या किंवा हीटर प्लगच्या जागी मीटर लावून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजतात. हे काम थोड्या वेळात होते. ज्या गॅरेजात हे मीटरच नाही, तिथे 'इंजिन संपलं' हे वाक्य ऐकून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाऊबाईंनी हट्ट धरला आणि गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. त्याने मोजले तर एका सिलिंडरचा दाब फारच कमी. हेड उघडल्यावर दिसले की दोन सिलिंडरांमधले गॅस्केट जळले आहे, हेड तापून किंचित वाकले आहे, आणि एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत. म्हणजे काम होतेच. पण त्या शहाण्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला, इंजिन तापले का? रेडिएटर अर्धा गाळाने भरलेला आणि पाण्याचा पंप ठिबकत होता. त्यात पाऊण टनाच्या गाडीवर हंगामात दीड टन माल घालून घाट चढायचा! आता सांगा, ते जुने इंजिन आणून याच रेडिएटरला जोडले असते तर किती महिने टिकले असते?

मला आज मुख्य सांगायचे आहे ते हेच. इंजिन सहसा एकटे मरत नाही. त्याला मारणारे कारण गाडीतच बसलेले असते: पाणी, तेल, हवा किंवा ओझे. कारण हाती लागल्याशिवाय पैसे बाहेर काढू नयेत.

मग लेथचे काम आले. हेड घासून सपाट केले. सिलिंडर बोअर केले, म्हणजे आतून कातून पुन्हा गोल आणि गुळगुळीत केले. असे केल्यावर भोक थोडे मोठे होते, म्हणून पिस्टन आणि रिंगाही तितक्याच मोठ्या मापाच्या घ्याव्या लागतात. ओरखडे एकाच सिलिंडरला होते, तरी दोन्ही सारख्या मापाचे केले, म्हणजे इंजिन एका लयीत चालते. पिस्टन आधी आणून मग त्यांच्या मापाने बोअर करावे, उलट करू नये. क्रँकही मोजला. तो मापात निघाला, म्हणून घासला नाही, फक्त बेअरिंगे नवी घातली. तेवढे पैसे वाचले. 'खोललंच आहे तर सगळंच टाकून देऊ' या वाक्यापासून सावध राहा. पण गॅस्केटे, ऑइल सील आणि टायमिंगचे झिजलेले भाग यांत कंजुषी करू नका, नाहीतर दोनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा सगळे इंजिन उतरवायची मजुरी पडते. गाडी नऊ दिवस उभी राहिली. पाटल्या मोडल्या नाहीत. चारांपैकी दोन बँकेत तारण ठेवल्या आणि द्राक्षाच्या हंगामानंतर सोडवून आणल्या.

हिशेब करताना नुसते बिल पाहू नका. गाडी जितके दिवस उभी तितक्या दिवसांची बुडालेली कमाई, त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आणि ठरलेली गिऱ्हाइके सांभाळायला भाड्याने घ्यावी लागणारी गाडी, हे सगळे एका कागदावर मांडा. कधी कधी ब्लॉकलाच तडा गेलेला असतो किंवा सिलिंडर आधीच शेवटच्या मापापर्यंत कातलेले असतात. तेव्हा इंजिन बदलणे भाग पडते. नवे परवडत नसेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात दुरुस्त केलेले इंजिन मिळते का, त्यावर हमी किती, हे विचारून घ्यावे. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बी.एस. ६ गाड्यांत सेन्सर आणि धूर गाळण्याची यंत्रणा असते, त्यामुळे तिथे माहीतगार हातच हवा.

आता कागदांचे. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात असतो. बोअरचे काम केले तर ब्लॉक तोच राहतो, नंबरही तोच, आर.टी.ओ.कडे जावे लागत नाही. इंजिन किंवा ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. मग १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आर.टी.ओ.ची मान्यता घेऊन नवा नंबर पुस्तकात चढवावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी, आणि विमा कंपनीलाही कळवावे. नंबर जुळला नाही तर फिटनेसला गाडी अडते. आठ वर्षे झालेल्या मालगाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते, म्हणजे ही अडचण लांबची नाही. अपघात झाला तर विम्याच्या पैशालाही पाय फुटतात. म्हणून कोणी जुने इंजिन देऊ केले तर आधी विचारा: हे कोणत्या गाडीचे? बिल कुठे आहे? नंबर खरवडलेला तर नाही ना? चोरीचा माल निघाला तर पोलीस आपल्या दारात येतात, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर आणणारा मिस्त्री तेव्हा फोनही उचलत नाही. पहिल्या गॅरेजवाल्याला जाऊबाईंनी हेच तीन प्रश्न विचारले होते. "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" एवढेच उत्तर मिळाले. गाडी तिथून हलवायला ते पुरेसे होते.

काम देताना काय काय करणार ते लिहून घ्यावे, सुट्या भागांचे बिल वेगळे आणि मजुरी वेगळी. काढलेले जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंगे गोणीत भरून घरी आणावीत. अंगणात पसारा होतो, होऊ द्या. भाग खरोखर बदलले याचा तो पुरावा आहे, आणि भंगारवाला त्याचे पैसेही देतो.

गाडी घरी आली की लगेच भरभरून माल घालू नका. नव्या रिंगा सिलिंडरशी जुळायला वेळ लागतो. पहिले हजारएक किलोमीटर ओझे निम्मे, वेग बेताचा, आणि घाट टाळता आला तर उत्तम. मिस्त्री सांगेल तेव्हा पहिले तेल आणि फिल्टर बदलायचेच, तेल स्वच्छ दिसते म्हणून पुढे ढकलायचे नाही; त्यात नव्या भागांची बारीक कीस उतरलेली असते. रेडिएटरमध्ये नळाच्या क्षारी पाण्याऐवजी कूलंट घालावे. आणि घरातल्या चालकाला एवढे बजावून ठेवा: घाटात काटा वर चढला तर गाडी बाजूला घ्यायची, गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली तर मुळीच ओतायची नाही. तासभर थांबायचे, चहा प्यायचा. भाजी थोडी कोमेजली तरी चालेल.