टायरचं वय

परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गाडीच्या टायरमधलं आपल्याला काय कळतंय? ते पुरुषमंडळींनी बघावं." महिन्यापूर्वी मीही हेच म्हणाले असते. पण मधे कुंभार्ली घाट आला!

आमची जीप जुनी. मळ्यावर चिखलातून जायला बरी, म्हणून ह्यांचा तिच्यावर भारी जीव. एरवी ती दारात उभीच असते. चिपळूणला माहेरचं लग्न आटोपून आम्ही कऱ्हाडला परत निघालो. मागे सासूबाई, दोन्ही मुलं, दोन फणस आणि नारळांचं पोतं. घाट अर्धा चढलो आणि मागचं चाक बसलं.

ह्यांनी चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅक लावला. स्टेपनी काढून बघतात तर तिच्या कडेला बारीक बारीक भेगा, गिलावा तडकावा तशा. "नक्षी तर कोरी आहे की!" हे म्हणाले. दुसरा इलाज नव्हता. तीच लावली आणि हळूहळू घाट चढलो. सासूबाईंची रामरक्षा कऱ्हाड येईपर्यंत थांबली नाही.

पंक्चरवाल्यानं खिळा काढून हातावर ठेवला. म्हणाला, "ट्यूबला ठिगळ लावतो वहिनी, पण हा टायर म्हणजे शिळी भाकरी. वरून धड दिसते, वाकवली की तुकडा." मग त्यानं टायरच्या कडेला लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले : ३८१२. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१२ सालच्या अडतिसाव्या आठवड्यातला जन्म! स्टेपनीवर होतं ०८०९. माझा थोरला तिच्याहून लहान!

मैत्रिणींनो, मसाल्याचं पाकीटसुद्धा आपण तारीख बघून घेतो. मग ज्यावर सगळं घर बसून घाट चढतं, त्याची तारीख का बघू नये? रबर नुसतं झिजत नाही, ते वाळतंही. ऊन आणि हवा त्याला कडक करतात. टायर फिरत राहिला तर रबरातलं मेण वर येऊन त्याला थोडं जपतं. उभ्या गाडीला तेही मिळत नाही. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीच्या नक्षीवर भरवसा ठेवू नये. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा झाली की नक्षी कशीही असो, बदलावेत, असं बऱ्याच टायर कंपन्याच सांगतात. स्टेपनीही त्यात आलीच. भेगा किंवा फुगवटा दिसला तर तेवढीही वाट पाहू नये. कडेला भोक पडलं असेल, तर ठिगळावर भागवू नये.

घरी हिशोब सुरू झाला. हे म्हणाले, "यंदा एक घेऊ, बाकीचे पुढच्या साली." पण चिखलात आमची जीप चारी चाकांनी ओढते. तेव्हा पुढची-मागची चाकं एकाच गतीनं फिरतात. एक टायर नवा, उंच आणि तीन झिजलेले असले, तर ओढाताण होते ती आतल्या गिअरांची. म्हणजे टायरचे पैसे वाचवून गिअरांना घालायचे! माझी भिशी नुकतीच लागली होती. नवा फ्रिज घ्यायचा बेत होता. रात्री घाटातलं ते वळण आठवलं आणि सकाळी पैसे ह्यांच्या हातावर ठेवले. जुना फ्रिज अजून चालतोय.

नवे पाच टायर आले. घेताना त्यांचेही आकडे मी वाचले, कारण दुकानात पडून राहिलेला टायरही म्हातारा होतोच. ट्यूबा नव्याच घेतल्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला चुण्या पडतात. नट आवळताना एक झाला की त्याच्या समोरचा घ्यावा, आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

जुने टायर मात्र परसात टाकू नका. पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूच्या डासांना आयतंच घर! आम्ही चार देऊन टाकले. पाचव्याचा मुलांना झोपाळा केला, तोही तळाला भोकं पाडून.

हे सगळं वहिनींना सांगितलं आणि त्यांच्या गाडीची डिकी उघडायला लावली. दळणाचा डबा, छत्र्या, लेकीची बाहुली काढता काढता तळाशी स्टेपनी सापडली. वहिनींनी चष्मा लावला, आकडे वाचले, बोटांवर वर्षं मोजली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आज हे घरी येऊ देत!"