मृदंगाच्या पुडीचे ऋण

आषाढी एकादशीची रात्र पंढरीच्या वाळवंटात ज्याने एकदा काढली, त्याच्या कानांतून मृदंगाचा नाद जन्मभर जात नाही. मठामठांतून, फडाफडांतून, राहुट्याराहुट्यांतून एकाच वेळी शेकडो मृदंग बोलत असतात, आणि तरीही त्यांचा गलबला होत नाही; त्यांचा मिळून एकच मेघ गर्जतो असे वाटते. वीणा, टाळ आणि मृदंग ही वारकरी कीर्तनाची तीन अंगे. वीणेला आपण दंडवत घालतो, टाळ कपाळी लावतो आणि मृदंगाला चुकूनही पाय लागू देत नाही. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या चामड्यातून हा नाद उमटतो ते चामडे कोठून येते, ते कोण निवडतो, आणि चांगले चामडे मिळावे म्हणून त्या कारागिराला किती दारे ठोठवावी लागतात, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनाला शिवतो? आजच्या पर्वकाळी आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत तो हाच विचार. आमचे मत स्पष्ट आहे: पुडी चढविणाऱ्या लहान कारागिराला उत्तम माल मिळवून देणे हे केवळ त्याच्या पोटाचे काम नव्हे, ते भजन करणाऱ्या प्रत्येक घराचे, प्रत्येक दिंडीचे कर्तव्य आहे.

शास्त्र काय सांगते?

चामडे म्हटले की सोवळ्यातील मंडळी अंग चोरतात, म्हणून आधी शास्त्राकडे वळू. ऋग्वेदकाळी सोमवल्ली कुटली जात असे ती चर्मावर. मुंजीतील बटूला अजिन द्यावे असे गृह्यसूत्रे सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन सांगताना भगवंतांनी दर्भ आणि वस्त्र यांच्या जोडीने अजिनाचा उल्लेख केला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात चामड्याची शुद्धी वस्त्राप्रमाणेच करावी असे विधान आहे. अर्थात, चामडे अस्पर्श्य आहे आणि म्हणून ते घडविणारा दूर उभा राहावा, ही कल्पना रूढीने माणसांवर लादली. ज्या वस्तूवर ती आधारली, त्या वस्तूला शास्त्राने पूजास्थानातून कधीच हद्दपार केलेले नव्हते.

याहून नेमके मार्गदर्शन भरतमुनींनी केले आहे. नाट्यशास्त्रातील अवनद्ध वाद्यांच्या, म्हणजे चामड्याने मढविलेल्या वाद्यांच्या अध्यायात स्वाती मुनींची कथा येते. पावसाळ्यात ते सरोवरावर पाणी आणावयास गेले असता लहान, मध्यम आणि मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या जलधारांचे निरनिराळे नाद त्यांच्या कानी आले. आश्रमात परतल्यावर विश्वकर्म्याच्या साहाय्याने त्यांनी मृदंगादी वाद्ये निर्माण केली. कथा रम्य आहे. पण मुनी कथेवर थांबत नाहीत. मढविण्याचे चामडे कसे असू नये हेही ते बजावतात: ते जुने नसावे, फाटलेले नसावे, कावळ्यांनी टोचलेले नसावे, चरबीने माखलेले नसावे, धुराने वा विस्तवाने बिघडलेले नसावे. आणि कसे असावे? कोवळ्या पालवीच्या रंगाचे किंवा कुंदफुलासारखे शुभ्र, तुकतुकीत व मांसरहित. त्याचे केस काढून ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, असेही सांगितले आहे. वाद्याच्या मुखावर जो लेप द्यावयाचा त्याच्या मातीचीही परीक्षा दिली आहे: तीत खडे, वाळू, गवत व तूस नसावे, नदीकाठची मऊ, सावळी माती उत्तम. माल पारखून घेण्याला ऋषींनी इतके महत्त्व दिले, ते काय उगाच? नादब्रह्माची उपासना जिनसेच्या निवडीपासून सुरू होते, हे त्यांना ठाऊक होते.

एका पुडीत काय काय असते?

आता आजच्या मृदंगाकडे, म्हणजे आपल्या पखवाजाकडे येऊ. लाकडी खोडाचे उजवे तोंड लहान, डावे मोठे. दोन्ही तोंडांवर शेळी-बोकडाच्या कातड्याची पुडी. उजव्या पुडीच्या कडेला चाट, आत मैदान आणि मध्यभागी काळी शाई. ही शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे मिश्रण. थरावर थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटीत ती चढवावी लागते. डाव्या तोंडावर वाजविण्याच्या वेळी कणीक लावतात, तेव्हा तो खोल घुमारा येतो. पुडीच्या काठाला गजरा विणलेला, आणि दोन्ही पुड्यांना ताणून धरणारी वादी म्हशीच्या चामड्याची. ही वादी एकाच कातड्यातून गोल गोल कापीत काढावयाची. तिची रुंदी कोठे कमी-अधिक झाली की ताण बिघडतो, आणि ताण बिघडला की सूर बिघडला.

यात एक मेख आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. चपला, पिशव्या, पट्टे यांचे चामडे कमावलेले असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे पूर्वापार बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावीत आले. मोठ्या कारखान्यांतून आता बहुतांशी क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. पुडीचे चामडे मात्र कमावून चालत नाही. कमावलेले चामडे मऊ पडते, त्यात नाद राहत नाही. पुडीला हवे कच्चे कातडे: केस काढलेले, साफ केलेले, ताणून वाळविलेले. म्हणून चर्मालयांना जो माल चालतो, तो या कारागिराला चालतोच असे नाही. कातडे सोलताना सुरीचा एखादा चरा पडला, तर पिशवी करणारा तो भाग शिवणीत लपवील. मृदंग मढविणारा कोठे लपविणार? ताण पडताच पुडी तेथूनच फाटावयाची. गोचिडीच्या खुणा, मिठाचे डाग, एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ पडलेले पोत, हे सारे दोष नादात बोलतात. जाणता कारागीर प्रत्येक कातडे उजेडासमोर धरून पाहतो, बोटांनी चाचपतो, आणि मग उजव्या तोंडाला कोणते व डाव्याला कोणते, हे ठरवितो.

अडचण कोठे आहे?

अडचण ही, की निवड करावयाची तर निवडण्याजोगा माल समोर हवा. कातड्याचा व्यापार घाऊक. खाटकांकडून व्यापारी, व्यापाऱ्यांकडून चर्मालये, असा तो शेकड्यांनी आणि हजारांनी चालतो. महिन्याकाठी दहा-वीस कातडी घेणाऱ्या माणसाला तेथे कोण विचारतो? गठ्ठा घेशील तर घे, उलटून पाहावयाचे नाही, असे उत्तर मिळते. ढिगातून उरलेला, चरे पडलेला माल त्याच्या वाट्याला येतो, आणि निम्मा टाकून द्यावा लागतो. शिवाय केस लवकर जावेत म्हणून चुन्याचा व रसायनांचा मारा झालेले कातडे वरून पांढरेशुभ्र दिसते. पण त्यातील जीव गेलेला असतो, हे पुडी चढल्यावर महिन्याभरात कळते.

श्रद्धाळू घरांत एक शंका हमखास निघते, तिचे उत्तर येथेच देतो. पखवाजाच्या पुडीला शेळीचे आणि वादीला म्हशीचे चामडे, ही परंपरा आहे. आपल्या राज्यात २०१५ साली अमलात आलेली वाढीव गोवंशहत्याबंदी गाय, बैल व वळू यांच्यासाठी आहे. तेव्हा गोभक्ताने पखवाजाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. परंतु पोत्यातले वाळके कातडे कोणत्या जनावराचे, हे रस्त्यात अडविणाऱ्याला कळत नाही. म्हणून लहान कारागीर पोते घेऊन फिरावयास कचरतो. त्याने मालाची रीतसर पावती घ्यावी, आणि जाणत्या मंडळींनी त्याच्या पाठीशी उभे राहावे, हा यावरील उपाय.

दुसरी शंका अहिंसेची. माळकरी माणूस मांस वर्ज्य करतो. मग त्याच्या भजनात कातडे कसे? आमचे उत्तर असे: पुडीसाठी म्हणून शेळी मारली जात नाही. जे अन्यथा वाया जाईल किंवा पायतळी जाईल, ते नामघोषाला लागले, तर त्या जीवाचे सार्थकच झाले. पूर्वी चामड्याच्या मोटेने मळे भिजत आणि त्याच मळ्यांतील फुले देवाला जात. कोणी फुले परत केली नाहीत. ज्याला हेही पटत नसेल त्याने कृत्रिम पुड्यांचा अवलंब करावा, आम्ही त्याला दोष देणार नाही. पावसात शिकणाऱ्या मुलांच्या सरावाला त्या उपयोगीही पडतील. पण पखवाज तर चामड्याचाच हवा, आणि चामडेवाला मात्र नजरेआड हवा, ही दुटप्पी वागणूक आम्हांस मान्य नाही.

या दुटप्पीपणाला इतिहास आहे. मेलेली जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्या समाजात चोखोबा जन्मले. त्यांची समाधी महाद्वाराशी, पायरीच्या बाहेर. काशीचे संत रोहिदास चामडे शिवता शिवता भगवंताला पोहोचले. शतकानुशतके देवालयात नगारा वाजत राहिला, मृदंग घुमत राहिला. त्यांचे चामडे आत आणि चामड्याचे काम करणारा बाहेर! साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात याच पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडले. दार उघडले खरे. पण मन उघडले की नाही, याची परीक्षा अजून रोज होते. पुडी चढविणारे हात कोठे चर्मकार बांधवांचे आहेत, कोठे मुसलमान कारागिरांचे. त्यांच्याशी आपण घासाघीस किती करतो आणि त्यांची विचारपूस किती करतो, यावरून आपण आपल्यालाच ताडून पाहावे.

२०२५ साली इटलीतील एका विख्यात कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला आपल्या म्हणून मिरविल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची आठवण सर्वांना झाली. संताप रास्त होता. पण त्या चपला घडविणाऱ्याला चांगले चामडे, सालीने कमावलेले, परवडेल अशा दराने कोठे मिळते, हे त्या गदारोळात कितीजणांनी विचारले? मानांकन नाव राखते. जिन्नस राखावयाचा तर कच्चा माल हवा.

काय करता येईल?

उपाय आपल्याच परिसरात दिसतो. मिरजेच्या तंबोऱ्यांना व सतारींना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी पिकवितात. कडू भोपळा खावयाचा नव्हे, विकावयाचा तो केवळ नादासाठी. तरीही कारागीर आणि शेतकरी यांचा संबंध टिकला, कारण घेणारा निश्चित होता. चामड्याच्या बाबतीतही घेणारा निश्चित झाला पाहिजे.

पहिली गोष्ट: पालखी निघावयाच्या आठवडाभर आधी पखवाज घेऊन कारागिराच्या दारात गर्दी करू नये. आषाढ म्हणजे ओल. कातडे वाळत नाही, शाई धरत नाही, आणि घाईत मिळेल तो माल वापरावा लागतो. कार्तिकी झाली की हवा कोरडी होते. तेव्हापासून महाशिवरात्रीपर्यंत पुडीचे काम द्यावे. खंडेनवमीला आपण वाद्यांची पूजा करतो. त्याच दिवशी कारागिराच्या हाती आगाऊ रक्कम ठेवावी; यासारखी दुसरी पूजा नाही.

दुसरी गोष्ट: पंचक्रोशीतील चार-पाच भजनी मंडळांनी आणि दिंड्यांनी एकत्र येऊन सामाईक निधी करावा. पन्नास पुड्यांची मागणी एकदम असेल, तर कारागीर व्यापाऱ्यापुढे ताठ मानेने उभा राहील आणि कातडी निवडून घेईल. सप्ताहाच्या मंडपावर आणि कर्ण्यांवर जो खर्च होतो, त्याच्या अल्पशा भागात हे भागेल.

तिसरी गोष्ट: १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आपल्या राज्यात आहे. वाद्यांसाठी लागणारी निवडक कच्ची कातडी व वाद्या किरकोळीने, पावतीसह विकण्याची सोय त्याने तीर्थक्षेत्री करावी, अशी मागणी दिंडीप्रमुखांनीच लेखी करावी. कारागिराच्या एकट्याच्या अर्जापेक्षा वारकऱ्यांच्या अर्जाचे वजन अधिक.

चौथी गोष्ट प्रत्येकाच्या हातातील: पुडी जपावी. वाजवून झाले की डावीकडची कणीक खरवडून काढावी. ती राहिली की किडे व उंदीर चामडे कुरतडतात. पखवाज ओल्या भिंतीशी ठेवू नये, गवसणीत ठेवावा. जी पुडी दोन वर्षे टिकावयाची ती हेळसांडीने सहा महिन्यांत जाते, आणि दोष मात्र कारागिराच्या माथी येतो.

आणि शेवटची गोष्ट. काल्याच्या कीर्तनाला आपण वीणेकऱ्याला, मृदंगाचार्याला, अन्नदात्याला नारळ देतो. यंदा त्यांच्या ओळीत पुडी चढविणाऱ्यालाही बसवावे, आणि काल्याचा पहिला घास त्याच्या मुखी घालावा. कीर्तनकार बोलतो, टाळकरी धरतात, मृदंग साथ करतो. पण या साऱ्यांच्या आधी कोणीतरी दूरच्या बाजारात एक कातडे उजेडासमोर धरून डोळे बारीक करून पाहिलेले असते. आपल्या भजनाचा पहिला ठेका तेथे पडलेला असतो. विठुराया ते ऐकतो. आपणही ऐकावे, एवढीच या एकादशीला सर्व भाविकांच्या चरणी आमची विनवणी आहे. रामकृष्णहरी!