पक्ष्यांसाठी नियम, आणि माणसांसाठी?

माझा मामा जहाजावर असतो. आमच्या गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात, आणि गावात एक तरी तारवटी असतोच. आधी तो हजारो प्रवाशांच्या अवाढव्य क्रूझवर होता. आता शंभरेक प्रवासी घेणाऱ्या एका छोट्या जहाजाच्या किचनमध्ये आहे. उन्हाळ्यात हे जहाज स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांमध्ये फिरतं. ओबान बंदरातून निघायचं, आयोना, स्काय अशी बेटं करत स्टॉर्नोवेला जायचं, आणि समुद्र शांत असला तर थेट सेंट किल्डा गाठायचं.

मामा व्हिडिओ पाठवतो. समुद्रातून सरळ वर उठलेले काळे कडे, त्यांच्यावर हजारो पांढरे गॅनेट पक्षी, आणि खाली रबरी होडीत लाइफ जॅकेट घालून बसलेले प्रवासी. एकदा फोनवर म्हणाला, "अगं, उतरायच्या आधी सगळ्यांचे बूट धुऊन घेतात, बॅगा तपासतात. एक उंदीर जरी बेटावर गेला तरी पक्ष्यांच्या अंड्यांचं काही खरं नाही." मला हे फार आवडलं. प्रवास असाच जबाबदारीने करावा, असं वाटलं.

मग मी सेंट किल्डाबद्दल वाचायला लागले, आणि त्या आवडण्यात एक खडा लागला.

हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, साधारण ६५ किलोमीटर आत अटलांटिकमध्ये हा छोटा द्वीपसमूह आहे. त्यातल्या हर्टा बेटावर शेकडो वर्षं माणसं राहत होती. पुरुष दोराला लटकून कड्यांवरून पक्षी आणि अंडी आणत. मांस खायला, तेल दिव्याला, पिसं जमीनदाराच्या खंडात. रोज सकाळी सगळे पुरुष गावाच्या रस्त्यावर जमून आज काय काम करायचं ते ठरवत. बाहेरच्यांनी त्याला 'पार्लमेंट' असं नाव दिलं. मार्टिन मार्टिन हा लेखक १६९७ मध्ये तिथे गेला तेव्हा बेटावर सुमारे १८० माणसं होती. १९३० मध्ये उरली ३६.

मधल्या काळात बरंच घडलं. १७२७ मध्ये देवीची साथ आली. एकोणिसाव्या शतकात धनुर्वाताने कितीतरी नवजात बाळं गेली. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले. पहिल्या महायुद्धानंतर तरुण मुलं बाहेर पडली. एकट्या पर्यटकांवर खापर फोडणं बरोबर नाही, आणि मला ते फोडायचंही नाही. पण १८७७ च्या सुमारास उन्हाळ्यात पर्यटकांच्या आगबोटी नियमित येऊ लागल्या, आणि तिथून गोष्ट वेगळी होते. लोक कडे बघायला येत तसेच ही 'जुन्या काळातली' माणसंही बघायला येत. बेटावरच्या बायका-पुरुष विणलेलं कापड आणि पक्ष्यांची अंडी विकायला उभे राहत. बोट येऊन गेली की गावभर सर्दी-खोकला पसरे. त्याला त्यांच्या भाषेत 'परक्यांचा खोकला' असंच नाव होतं. पण खोकल्यापेक्षा वाईट म्हणजे, आपण मागासलेले आहोत, बघण्याची वस्तू आहोत, हे त्यांना दर उन्हाळ्यात नव्याने कळत गेलं.

शेवटी त्यांनीच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी 'हेअरबेल' या जहाजाने त्यांना नेलं. जाताना प्रत्येक घरात त्यांनी एक उघडं बायबल आणि ओटचा छोटासा ढीग ठेवला होता.

आज ते बेट जागतिक वारसा आहे, आधी निसर्गासाठी, २००५ पासून तिथल्या संस्कृतीसाठीही. पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका, भिंतींवर चढू नका, उंदीर आणू नका. सगळे नियम योग्यच आहेत. पण माणसं तिथे होती तेव्हा त्यांच्यासाठी असा एकही नियम कुणी केला नव्हता.

पर्यटनाच्या जाहिराती सांगतात, आमचं जहाज छोटं आहे म्हणून आम्ही जबाबदार. गर्दी कमी होते हे खरं. पण सेंट किल्डाला येणाऱ्या त्या आगबोटीही आजच्या मापाने छोट्याच होत्या! म्हणजे जहाजाचा आकार हा मुख्य प्रश्न नाहीच. आपण जिथे उतरतो तिथल्या माणसांचा त्यात काही शब्द चालतो का, हा प्रश्न आहे. त्याच हेब्रिडीजमध्ये एग नावाचं बेट आहे. शंभरेक वस्तीचं. १९९७ मध्ये तिथल्या लोकांनी पुढाकार घेऊन ते जमीनदाराकडून विकत घेतलं, २००८ पासून पाणी, वारा आणि उन्हावर स्वतःची वीज चालवतात. तिथेही पाहुणे येतात. पण ते कुणाच्या तरी घरी येतात, आणि घरमालक हजर असतो.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सगळं खरं गं, पण लोक फिरायचे थांबले तर माझा पगार कोण देणार?" बरोबर आहे. सेंट किल्डाच्या लोकांनाही त्या कापडाचे पैसे हवेच होते. फिरू नका, असं मी म्हणतच नाही.

आणि आपण गोंयकार तर या गोष्टीच्या दोन्ही बाजूंना आहोत. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये लोकांना आपल्याच दारावर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावाव्या लागल्यात. रंगीत घर बघून लोक पायरीवर येऊन बसतात, खिडकीत डोकावतात. तिथून जाताना मला त्यांचा राग येतो. पण गेल्या वर्षी सहलीला गेले तेव्हा मी काय केलं? किनाऱ्यावर एक आजी मासे सुकवत बसली होती. ऊन छान पडलं होतं. मी न विचारता तीन फोटो काढले. तिसऱ्या फोटोत तिने तोंडावर पदर ओढलेला आहे. फोनमध्ये तो अजून आहे. तिचं नाव मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही.

परक्याला घरात घ्या, असं बायबलमध्ये सांगितलंय. कॉलेजच्या प्रार्थनेत आपण ते कितीदा ऐकतो. आपल्याकडेही 'अतिथी देवो भव' आहेच. दोन्हीकडे सगळं यजमानाला सांगितलेलं. पाहुण्याने कसं वागायचं, ते आपलं आपणच ठरवायला हवं.

आपल्या वाङ्मय मंडळाची सहल यंदाही निघेल. माझी एक साधी सूचना आहे. बूट धुवायची गरज नाही, पण ज्या गावात जाऊ तिथे आधी कुणाला तरी कळवून जाऊ. फोटो काढण्याआधी विचारू. नाही म्हणाले तर फोन खिशात ठेवू, आणि दोन मिनिटं नुसतं बोलू. निदान नाव तरी विचारू.