अर्धा वाटा आणि पूर्ण नागरिकत्व

८ मार्च २०२३ रोजी केरळमध्ये एका मुस्लिम दाम्पत्याने पुन्हा विवाह केला. वधू-वर तेच; या वेळी मात्र विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली! कारण एकच : घरात तीन मुली, मुलगा नाही. मुस्लिम वैयक्तिक कायद्यानुसार अशा मुलींना मिळून संपत्तीचा दोन तृतीयांश भाग मिळतो. बाकीच्या भागावर पित्याच्या भावांचा हक्क पोहोचतो. मृत्युपत्रही एक तृतीयांशापुरतेच. भाऊ असेल तर मुलीला त्याच्या निम्मा वाटा. विशेष विवाह कायद्याखाली नोंद होताच मात्र १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि कन्या पूर्ण वारस ठरतात.

कायदा जाणणाऱ्या माता-पित्यांना ही वाट सापडली. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीने ती कशी शोधावी?

शरियत अपरिवर्तनीय आहे, हे ठरलेले उत्तर. मग १८६० च्या दंडसंहितेने शरियतमधील शिक्षा कायमच्या बाजूला सारल्या, तेव्हा धर्म बुडाला काय? खुद्द १९३७ च्या शरियत कायद्यानेच शेतजमीन वगळली. जमीनदारांसाठी जी शरियत वाकते, ती लेकीसाठी का वाकू नये?

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोला पोटगी दिली; १९८६ साली संसदेने मतपेढीपुढे मान तुकवली. तत्काळ तलाक २०१७ साली रद्द झाला, २०१९ साली तो दंडनीय गुन्हा ठरला. पण वारसाहक्काला कोणीही हात लावला नाही. वैयक्तिक कायदे घटनेच्या कलम १३ च्या कक्षेत येत नाहीत, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ सालीच दिला आहे. तेव्हा न्यायालयाकडे बोट दाखवून संसदेला सुटता येणार नाही. कलम ४४ चे दायित्व राज्यसंस्थेचेच आहे.

हिंदू कायद्यातील सुधारणांनाही कडाडून विरोध झाला होता. तरीही १९५५-५६ साली त्या झाल्या आणि २००५ साली कन्या सहदायाद झाली. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, तो समान नागरी कायद्यासाठीच. गोव्यात मुस्लिम कन्येला भावाइतकाच वाटा मिळतो. तेथे इस्लाम संकटात आल्याचे ऐकिवात नाही. उत्तराखंडनेही २०२५ साली समान नागरी संहिता लागू केली.

प्रश्न कोणाच्या उपासनेचा नाही. मतदानाच्या दिवशी जिचे मत भावाच्या मताइतकेच मोजले जाते, तिचा वाटा वाटणीच्या दिवशी निम्मा का व्हावा, एवढाच आहे. याचे उत्तर संसदेने द्यायचे आहे, मौलवींनी नव्हे.