बेव्हनना घडविणारे गाव

राजकीय नेत्यांची चरित्रे लिहिताना ‘गरिबीतून वर आलेला’ हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. गरिबी ही जणू शिडी असून कर्तबगार माणूस ती एकट्याच्या बळावर चढतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. ब्रिटनचे मजूर पक्षीय आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांचे पूर्वायुष्य या समजुतीला छेद देते.

वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावात १५ नोव्हेंबर १८९७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील डेव्हिड कोळशाच्या खाणीत राबत. आई फीबी शिवणकाम करी. दहा भावंडांपैकी कित्येक बालपणीच दगावली. तोतरा बोलणारा हा मुलगा १९११ साली शाळा सोडून खाणीत उतरला. १९२५ साली वडील फुप्फुसात साचलेल्या कोळशाच्या धुळीने गेले. हा विकार तेव्हा भरपाईस पात्र रोगांच्या यादीत नसल्याने कुटुंबाला काहीच मिळाले नाही.

गरिबीची देणगी एवढीच. बेव्हनना घडविले ते कामगारांच्या संस्थांनी. वाचनाची भूक त्यांनी चालविलेल्या ग्रंथालयात भागली. १९१९ साली लंडनच्या मजूर महाविद्यालयात ते गेले, तेही खाणकामगार संघटनेच्या शिष्यवृत्तीवर. गावातील वैद्यकीय साहाय्य संस्था मजुरीतून कापलेल्या वर्गणीवर डॉक्टर, औषधे व इस्पितळ पुरवीत असे. तिच्या कारभारात बेव्हननी पुढे प्रत्यक्ष भाग घेतला.

मात्र या व्यवस्थेला एक आर्थिक मर्यादा होती. खाण बंद पडली की सर्वांची मजुरी एकदमच थांबे. म्हणजे गरज सर्वाधिक असे तेव्हाच वर्गणी आटे. जोखीम साऱ्या देशात वाटली गेली तरच ती पेलते. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने वर्गणीची जागा मुख्यतः करांना दिली, यामागचे तर्कशास्त्र हेच होय. चष्मे व दातांच्या कवळ्यांवर शुल्क बसविण्याचे ठरताच १९५१ साली बेव्हननी मंत्रिपद सोडले. रक्कम किरकोळ होती. परंतु आजाऱ्याच्या खिशाकडे पाहून उपचार ठरविण्याची जुनी रीत तिच्या आडून परतत होती.

बेव्हन यांच्या असामान्यत्वाचे श्रेय केवळ त्यांच्या प्रतिभेला दिले, की तशा संस्था उभारण्याच्या जबाबदारीतून समाज सुटतो. त्या खाणीत त्यांच्या वयाची आणखीही मुले उतरली होती. चरित्रकारांनी नायकाबरोबरच त्या ग्रंथालयाचा आणि वर्गणीचाही हिशेब मांडला पाहिजे.